फ्युएल पंपाचं ते भोक बुजवू नका

परवा रात्री मामेभावाचा फोन आला. "दादा, पंपाचं काम झालं. भोक बुजवलं, गळती थांबली." त्याच्याकडे मामांच्या हातची जुनी कार्ब्युरेटरवाली (पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा भाग असलेली) गाडी आहे. टाकीतलं पेट्रोल त्या कार्ब्युरेटरपर्यंत पोचवतो तो फ्युएल पंप. हा उद्योग तो शिकला 'जुना फ्युएल पंप न उघडता दहा मिनिटांत नवा करा' या मेसेजवरून. तोच मेसेज मलाही चौघांनी पाठवलाय. आता गप्प बसवत नाही.

आधी त्या भोकाचंच बोलतो, कारण सगळ्यांत घातक सल्ला तोच आहे. मेसेज म्हणतो, पंपाच्या खालच्या अंगाला बारीक भोक असतं, तिथून पेट्रोल ठिबकत असेल तर एपॉक्सी भरा. अहो, ते भोक मुद्दाम ठेवलेलं आहे! इंजिनात फिरणाऱ्या कॅमशाफ्ट नावाच्या दांड्यावरचा उंचवटा लिव्हर हलवतो, लिव्हर डायफ्राम, म्हणजे पंपातला रबरी पडदा, खाली ओढतो आणि पेट्रोल आत येतं. मग स्प्रिंग डायफ्राम वर ढकलते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातं. डायफ्राम फाटला की पेट्रोल खालच्या बाजूला उतरतं आणि त्या भोकातून बाहेर दिसतं. ते बुजवलंत की पेट्रोलला इंजिनात उतरण्यावाचून वाट उरत नाही. ऑइल पातळ होतं, बेअरिंगं झिजतात, सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, पेट्रोलची वाफ साठते. बाहेरून मात्र पंप कोरडा ठणठणीत! भोकातून पेट्रोल आलं तर डायफ्राम गेला, इंजिन ऑइल आलं तर आतलं सील गेलं, इतकं सरळ आहे ते.

दुसरा सल्ला, थिनर ओतून कॉम्प्रेसरची हवा मारा. थिनर डायफ्रामचं रबर फुगवतो. आणि दाबाचं म्हणाल तर कुठल्याही जुन्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल उघडा, पंपाचा दाब साधारण २ ते ६ पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप) दिलेला असतो. गॅरेजचा कॉम्प्रेसर १०० पीएसआयच्या घरात. आतल्या नाजूक व्हॉल्व्हचं काय होईल?

गॅस्केटऐवजी, म्हणजे जोडातल्या पॅकिंगऐवजी, साधं सिलिकॉन लावा म्हणे. पेट्रोलमध्ये ते फुगतं आणि त्याचे तुकडे कार्ब्युरेटरपर्यंत पोचतात.

'उघडू नका' यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. काही पंपांची कड कारखान्यातच दाबून बंद केलेली असते. ते उघडता येत नाहीत, बदलावेच लागतात. पण स्क्रूचा पंप उघडण्यासाठीच बनवलाय. इंजिन थंड असताना बॅटरीची वायर काढा. दोन्ही भागांवर आरपार एक रेघ ओढा, म्हणजे जोडताना तोंडं चुकणार नाहीत. जाळी आणि वाटीतला गाळ धुवा, व्हॉल्व्ह नीट बसतात का पाहा. डायफ्राम उजेडात धरून चिरा शोधा. नवा घ्याल तो इथेनॉल सोसणाराच घ्या, कारण जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. जोडताना लिव्हर पूर्ण दाबून डायफ्राम ताणलेला ठेवा आणि मगच समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीनं आवळा. नाहीतर नवा डायफ्रामही लवकर फाटतो.

मेसेजमधली, पंपाची नळी बाटलीत सोडून सेल्फ मारायची आणि पेट्रोल येतं का पाहायची चाचणी चुकीची नाही. पण त्याआधी प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलची वायर काढायला हवी, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपाससुद्धा पेट घेऊ शकते, आणि इथे शेजारी ठिणगी!

काल सकाळी भावाकडे जाऊन डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढली. ऑइलची पातळी खुणेच्या वर आणि पेट्रोलचा भपकारा. ऑइल काढून टाकलं, एपॉक्सी खरवडलं. नव्या डायफ्रामचं किट येईपर्यंत गाडीची चावी माझ्याकडे आहे.