गोडबोल्यांच्या गावी

तावातावाने भांडणाऱ्याला मी पुरून उरतो. गोड बोलणाऱ्यापुढे मात्र माझं काही चालत नाही. त्यात आम्ही सध्या ठाण्यात घोडबंदर रोडला घर बघतोय, म्हणजे दर रविवारी मी आपल्या पायांनी गोडबोल्यांच्या तावडीत जातो.

साइट ऑफिसात शिरलं की आधी थंड पाणी, मग कॉफी, मग तो सेल्सचा मुलगा. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि आपण येणार म्हणून रात्रभर जागल्याचा आनंद चेहऱ्यावर. दारात मी ‘सर’ असतो. मॉडेलपाशी ‘काका’ होतो. बुकिंगचा फॉर्म टेबलावर आला की, ‘तुम्ही अगदी माझ्या बाबांसारखे आहात हो!’ आता पोटच्या पोराला ‘विचार करून कळवतो’ म्हणायचं तरी कसं?

ते मॉडेल मात्र बघत राहावं असं. स्पंजची झाडं, निळ्या काचेचा स्विमिंग पूल, काठावर नखाएवढी बाई आरामखुर्चीत पहुडलेली. मागे हिरवागार येऊरचा डोंगर, पुढे घोडबंदर रोड आणि त्यावर सगळ्या मिळून दोन मोटारी. मी चष्मा पुसून, वाकून पाहिलं. एकही कंटेनर नव्हता!

‘काका, मी खोटं नाही बोलणार,’ असं तो म्हणतो आणि खरंच बोलत नाही. नाला असेल तर ‘वॉटर बॉडी’, खिडकीसमोर शेजारची भिंत असेल तर ‘प्रायव्हसी’. रेरा हा घरखरेदीचा कायदा आल्यापासून चटई क्षेत्र सांगावंच लागतं, म्हणून तेही सांगतो. पण अशा घाईत, की आकडा कानापर्यंत पोचायच्या आत आपण बाल्कनीतल्या वाऱ्यावर आलेले असतो. आणि वारा असतो हो!

आयर्लंडला शिकणाऱ्या भाच्याला फोनवर हे सांगितलं, तर तो म्हणाला, ‘मामा, याला इकडे ब्लार्नी म्हणतात.’ कॉर्क शहराजवळ ब्लार्नीचा किल्ला आहे, 1446 सालचा. त्याच्या माथ्यावर तटात एक दगड बसवलाय. उताणं झोपायचं, लोखंडी गज धरायचे, डोकं मागे खाली सोडायचं आणि त्या दगडाचा मुका घ्यायचा. मग म्हणे जिभेवर साखर येते. एवढी कसरत आमच्याकडे फक्त सॅम्पल फ्लॅटच्या बाथरूममध्ये करावी लागते.

शब्दामागची आख्यायिका तर फारच आवडली. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीला तो किल्ला हवा होता. तिथला सरदार मॅकार्थी ‘नाही’ कधीच म्हणाला नाही. दर वेळी राणीची तोंड भरून स्तुती, किल्ला द्यायची पूर्ण तयारी आणि एक नवी अडचण. शेवटी राणी कावली आणि म्हणाली, ही सगळी नुसती ब्लार्नी! म्हणजे ताबा लांबवण्याची विद्या घोडबंदर रोडच्या कितीतरी आधीची. आमचा मुलगाही ‘पझेशन डिसेंबरला, काका’ असं छातीठोकपणे सांगतो. साल सांगत नाही.

मी पेन काढलंच होतं. पण सोबत आमची ही होती, आणि तिचं सगळं शिक्षण जांभळी नाक्याच्या बाजारात झालंय.

‘किती छान समजावून सांगतोस रे बाळा!’ ती म्हणाली. ‘जेवलास का? आणि तो रेरा नंबर तेवढा दे लिहून. ताब्याची तारीख त्यावरून घरी निवांत बघते.’

पोरगं जरा गडबडलं. टोकनचं बोलू लागलं.

‘देणारच रे! घर मनात भरलंय माझ्या. फक्त ह्यांच्या दादांना एकदा दाखवलं, की झालं.’

ह्यांचे दादा, म्हणजे माझे, साताऱ्याला असतात आणि गुडघेदुखीमुळे उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. त्यानंतर पोरगं दर आठवड्याला फोन करतं. ती त्याच्या आईची चौकशी करते, सर्दीवर काढा सांगते. पितृपक्षात कसं रे घ्यायचं? नवरात्रात घट बसलेत. आवाजात एवढा जिव्हाळा, की मलाच टोकन द्यावंसं वाटतं.

परवा त्याने आपणहून मॉड्युलर किचन फुकट देऊ केलं आणि पार्किंगचंही बघतो म्हणाला.

‘गुणी आहेस रे!’ ती म्हणाली. ‘आता एवढी दिवाळी होऊ दे, नक्की!’

कुठली दिवाळी, ते तिनेही सांगितलं नाही.