रंग गटारात पडण्याआधी

शाळेच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात मित्राने एक व्हिडिओ टाकला. काचेच्या नळीत मणी भरलेले, वरून निळं पाणी ओततात, खालून नितळ पाणी येतं. खाली त्याचा प्रश्न: "तुमच्याकडं स्वित्झर्लंडात हे असतंय म्हणे. आपल्या पंचगंगेला बसवता येईल काय, सांग की."

मी बाझलच्या एका प्रयोगशाळेत असेच मणी करते. माहेर इचलकरंजी, पंचगंगेकाठचं कापडाचं गाव. त्यामुळे उत्तर मलाच द्यायला हवं.

कुजक्या लाकडावरच्या बुरशीपासून लॅकेस नावाचं एन्झाइम मिळतं. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन फोडायची त्याला सवय, म्हणून कापडाचे काही रंगही ते फोडतं. ते समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या चिकट द्रावात कालवायचं आणि सिरिंजने थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडायचं. थेंब पडताच गोठतो, भिजलेल्या साबुदाण्यासारखा. एन्झाइम आत अडकून राहतं, पाणी आतबाहेर करतं. काम झालं की मणी गाळणीत धरून धुवायचे आणि पुन्हा वापरायचे. मोकळं एन्झाइम एकदा पाण्यात सोडलं की गेलंच.

पण सगळे रंग सारखे नसतात. अँथ्राक्विनोन जातीचा निळा लवकर उतरतो. अ‍ॅझो जातीचे बरेच रंग हट्टी. पाण्यात फॉस्फेट असेल तर मणी मऊ पडतात आणि एन्झाइम झिरपून जातं. शिवाय रंग दिसेनासा झाला म्हणजे विष गेलं असं नाही, तुटलेल्या रेणूंचं काय झालं हे तपासावंच लागतं.

म्हणून नदीला हे बसवता येणार नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. ती पिण्याच्या पाण्यात मैला मिसळल्याने. त्याला मैलाशुद्धीकरण आणि धड पाइपलाइनच लागते, लॅकेस तिथे काही करत नाही.

या मण्यांची जागा प्रोसेसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या, दारात आहे, रंग गटारात पडण्याआधी. तिथल्या कामगारांना एन्झाइम नवीन नाही. कापडावरची खळ काढायला अमायलेज, ब्लीचनंतर उरलेलं पेरॉक्साइड मारायला कॅटालेज वापरतात. अडचण वेगळीच आहे. रंगाईचं पाणी गरम, खारट आणि अल्कलीचं असतं, लॅकेसला यातलं काहीच मानवत नाही. आधी निववायचं, आम्ल घालून ठिकाणावर आणायचं, मग मण्यांकडे सोडायचं. याला पैसे लागतात. औषध कारखान्यांत पेनिसिलिनच्या कच्च्या मालासाठी असं अडकवलेलं एन्झाइम कित्येक दशकं वापरतात, कारण तिथे निघालेला माल विकला जातो. स्वच्छ केलेलं सांडपाणी कोण विकत घेणार?

बाझलही रंगाचंच गाव. इथला रसायन उद्योग कापडाच्या रंगांतूनच वाढला. १ नोव्हेंबर १९८६ ला शेजारच्या श्वाइत्सरहालेत सँडोझ या रसायन कंपनीच्या गोदामाला आग लागली, विझवायच्या पाण्याबरोबर कीटकनाशकं ऱ्हाईनमध्ये गेली. नदी लाल झाली, ईल मासे थव्याने मेले. आज उन्हाळ्यात माझे सहकारी ऑफिस सुटलं की कपडे पिशवीत घट्ट बांधून त्याच नदीत पोहत घरी जातात. हे लोक रस्त्यावर उतरले, काठचे देश एकत्र बसले, कारखान्यांना घाण पाणी अडवून धरणाऱ्या टाक्या बांधाव्या लागल्या. २०१६ पासून तर औषधांचे अंश काढण्यासाठी सांडपाण्यावर माणशी वर्षाला ९ फ्रँकपर्यंत आकार आहे. आणि त्या पैशातून बसतात ते ओझोन आणि सक्रिय कोळसा. माझे मणी अजून प्रयोगशाळेतच आहेत, हे मित्राला स्पष्ट सांगितलं.

इचलकरंजीत सध्या वाद आहे तो सुळकूडहून दूधगंगेचं पाणी आणण्याचा. आई दिवसाआड, कधी त्याहूनही उशिरा येणारं पाणी भरून ठेवते, त्यामुळे ती मागणी मला परकी नाही. पण आपण पंचगंगा नासवून कृष्णेकडे गेलो, मग वारणा मागितली, आता दूधगंगा. दूधगंगेकाठच्या कागलची माणसं विरोध करतात तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. पंचगंगेचं काय झालं हे त्यांनी पाहिलंय. दूधगंगा मागताना आपल्या प्रोसेसच्या तोंडाशी काय करणार, हे आपण आधी लेखी द्यायला हवं.

मित्राच्या भावाची प्रोसेस आहे. मित्राला लिहिलं, नदी राहू दे, तिथल्या जिगरमधून, म्हणजे कापड रंगवायच्या यंत्रातून, सुटणारं पहिलं पाणी आणि नंतरच्या धुण्याचं पाणी वेगवेगळं धर, दोन्हींचं तापमान आणि पीएच आठवडाभर लिहून पाठव. उत्तर आलं, "पहिलं पाणी हात लावू देत नाही एवढं गरम असतंय. थर्मामीटर घेऊन जातो."