आतल्या माणसांना तू म्हणायचं की तुम्ही?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस रणकंदन चाललं होतं. निमित्त पुतणीचं. ती पुण्यात वाकडला राहते, आयटीत आहे आणि काही महिन्यांपासून थेरपी घेते. पद्धतीचं नाव इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स. आपल्या आत एकच मन नसतं, अनेक ‘भाग’ नांदत असतात आणि त्यांचंही एक कुटुंब असतं, असं धरून केलेले उपचार. पोरीने बापाला हे विश्वासाने सांगितलं, दादाने ते ग्रुपवर टाकलं, वर लिहिलं, "आपल्या गावात याला अंगात येणं म्हणतात. नारळ-लिंबात भागतं." मग एका काकांचा लांबलचक फॉरवर्ड आला, की हे सगळं आपल्याकडे आधीपासून होतंच. शेवटी दादाने मला ओढलं. "तिकडे खरी कुटुंबं मोडली, म्हणून मनात थाटतात. असंच ना गं?"

मी तेवीस वर्षं शिकागोजवळ नेपरव्हिलला राहते आणि हेच उपचार मी स्वतः घेतलेत. तेव्हा दादाच्या लेखी मीही त्याच माळेतली.

ही पद्धत जन्मली ती इथल्याच भागात. रिचर्ड श्वार्ट्झ हे कौटुंबिक समुपदेशक 1980च्या दशकाच्या सुरुवातीला बुलिमिया झालेल्या तरुण मुलींवर उपचार करत होते. घरच्यांची घडी नीट बसली की मुलीचं बकाबका खाणं आणि ओकून टाकणं थांबेल, असा त्यांचा कयास होता. थांबेना. मुलीच सांगायच्या, माझ्यातला एक भाग मला दिवसभर घालूनपाडून बोलतो, मग दुसरा मला खायला लावतो. श्वार्ट्झनी आधी त्या भागांना दटावून पाहिलं. ते आणखी चेकाळले. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली, की बाबा, तू हे करायचं सोडलंस तर काय होईल असं तुला वाटतं?

त्यातून जी मांडणी झाली ती मराठी माणसाला फार समजावून सांगावी लागू नये. जुनं दुखणं घेऊन मागच्या खोलीत कोंडलेला तो ‘एक्झाइल’. त्याचा हुंदका ओसरीपर्यंत पोचू नये म्हणून घर करड्या शिस्तीत ठेवणारा ‘मॅनेजर’. आणि तरीही हुंदका ऐकू आलाच, तर हाताला लागेल ते ओतून आग विझवणारा ‘फायरफायटर’; मग ते खाणं असो, दारू असो, की रात्री दोनपर्यंत मोबाइल. आमच्या इस्लामपूरच्या वाड्यात हे तिघेही होते. या सगळ्यांच्या मध्ये एक शांत, कुतूहल शाबूत असलेला ‘सेल्फ’ असतो आणि घर त्याच्या हाती यावं, एवढीच उपचाराची खटपट.

अंगात येण्याशी याचा संबंध नाही. तिथे झाडाला, म्हणजे ज्याच्या अंगात येतं त्याला, आपण काय बोललो ते नंतर आठवत नाही म्हणतात. इथे माणूस लख्ख जागा असतो आणि स्वतःच्याच एका भागाचं ऐकत असतो. दादा, "एक मन म्हणतं गावी जाऊन राहावं, एक मन म्हणतं नको," हे तू मला फोनवर किती वेळा म्हणालायस?

काकांच्या फॉरवर्डचं थोडं वेगळं आहे. रामदासांनी मनाला ‘सज्जना’ अशी हाक मारली, हे खरंच. पण मनाचे श्लोक 205 आहेत आणि मनाला उलटून बोलायची संधी एकदाही नाही. आपली रीत मनाला समजावण्याची. कि. मो. फडक्यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मराठीत आणली, ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेने ती व्याख्यानांतून, शिबिरांतून लोकांपर्यंत नेली, आणि आपल्याकडे ती छान रुजली. मला वाटतं, त्याचं एक कारण हेच असावं: चुकीचा विचार पकडा, त्याच्याशी वाद घाला, त्याला हरवा. मीही आधी त्याच वाटेने गेले होते. बऱ्याच गोष्टींत उपयोग झाला. एका गोष्टीत झाला नाही.

रोज रात्री मला घरखर्चाचा मेळ घालायची सवय आहे. चाळीस सेंटचा फरक निघाला तरी झोप नाही. हे अविवेकी आहे हे मला पक्कं पटलेलं होतं. पटूनही मी बारा वाजता पावत्या पसरून बसायचेच. थेरपिस्ट बाई म्हणाल्या, जी हिशेब करायला बसवते तिच्याशी बोलून बघ. इंग्रजीतून ती बोलेना. बाई म्हणाल्या, तुझ्या भाषेत बोल, मला नाही कळलं तरी चालेल. मी डोळे मिटून मराठीत विचारलं, "तुम्ही मला झोपू का देत नाही?"

आणि थबकले. तुम्ही? इंग्रजीतल्या ‘यू’ने दोन महिने जे झाकून ठेवलं होतं, ते एका सर्वनामाने उघडं पडलं. तुम्ही म्हणजे अप्पा, माझे वडील. ते पतसंस्थेत रोखपाल होते. एका संध्याकाळी रोजमेळात 1,100 रुपये कमी आले, ते त्यांनी स्वतःच्या खिशातून भरले आणि घरी येऊन कोणाशी बोलले नाहीत. मी नऊ वर्षांची. ताटातली आमटी गार झाली तरी कोणी घास उचलला नव्हता. त्या नऊ वर्षांच्या मुलीला मात्र मी आपसूक ‘तू’ म्हणाले. पावत्या अजून पसरते, पण साडेदहाला आवरते.

माझा अनुभव हा पुरावा नव्हे, हेही दादाला लिहिलं. अभ्यास झालेत, पण थोडे आणि लहान. संधिवाताच्या 79 रुग्णांवरचा 2013 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यात ही पद्धत वापरलेल्या गटाचं दुखणं आणि हालचाल सुधारली. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धत, तिच्या मागे असलेल्या संशोधनाच्या ढिगापुढे हे मूठभरच. शिवाय या पद्धतीचं पहिल्या पातळीचं प्रशिक्षण परवानाधारक थेरपिस्ट नसलेल्यांनाही मिळतं, त्यामुळे इकडे ‘कोच’ मंडळी उदंड झाली आहेत आणि कोचला कोणी परवाना विचारत नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्याने मानसोपचारतज्ज्ञाला सोडून असल्या कोणाकडे जाऊ नये. आपल्याकडेही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी लागते, पण नुसती ‘काउन्सेलर’ पाटी कोणीही लावतो. भांडायचंच तर दादाने यावर भांडावं: पोरीच्या थेरपिस्ट बाई शिकल्यात कुठे, नोंदणी आहे का, औषधांची गरज पडली तर पाठवतील का. पद्धत देशी की विदेशी, हा वाद घालून पोरीचं काय भलं होणार?

एका बाबतीत मात्र दादाचं बोट बरोबर जागी पडलंय. आतल्या अप्पांशी शांतपणे बोलणं मला जमलं, कारण बाहेरचे अप्पा तेरा हजार किलोमीटरवर होते, रविवारच्या व्हिडिओ कॉलपुरते. पुतणीच्या आतला कडक मॅनेजर आणि बाहेरचा दादा एकाच टू-बीएचकेत राहतात. तासभर आत डोकावून ती खोलीबाहेर येते, तर तोच आवाज सोफ्यावरून विचारतो, "झालं का भुतांशी बोलून?" अशा घरात नुसतं आतलं कुटुंब सावरून भागणार नाही, आणि हे इथल्या थेरपिस्टांना सहसा सुचत नाही. त्यांच्या मनात प्रत्येकाला बंद होणारं एक दार असतंच.

पुतणीला ते नाही, म्हणून ती ऑनलाइन सेशन सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून घेते. काचा वर, एसी चालू. परवा तिचा फोन आला. ऐन रडू फुटायच्या वेळी वॉचमनने काचेवर टकटक केलं. पाण्याचा टँकर आत घ्यायचा होता. तिने डोळे पुसले, गाडी काढली, कोपऱ्यावर जागा शोधून लावली, पुन्हा कॉल जोडला. अकरा मिनिटं गेली. त्या अकरा मिनिटांचेही पैसे लागले.