ग्लिटर तेवढं वगळा

तुम्ही दिलेली प्लास्टिकच्या बाटल्यांच्या आकाशकंदिलाची कृती आवडली, पण वरून ग्लिटर भुरभुरायला सांगितलंय ते पटलं नाही. ग्लिटर म्हणजे बहुतेकदा प्लास्टिकचाच चुरा. शिवाय गोंद-चमकी माखलेली बाटली उद्या कुठला भंगारवाला घेणार? तळाशी त्रिकोणात १ आकडा असलेली, म्हणजे पेट (PET) या प्लास्टिकची बाटली कोरी राहिली तर पुन्हा वापरात येते.

आम्ही गोव्यात म्हापशाला वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या भुरग्यांना (मुलांना) घेऊन हेच करतो, अर्थात दिवाळीत जाळायचा नरकासुराचा पुतळा बनवण्याच्या धामधुमीतून ती भुरगी हाताला लागली तर! बाटलीच्या पाकळ्या कापून नुसत्या दोऱ्यात ओवायच्या. कापलेली कड ब्लेडसारखी लागते. मध्ये बटर पेपर ठेवून ती मंद तापलेल्या इस्त्रीवर जरा टेकवली की आत वळते आणि गुळगुळीत होते. हे काम मोठ्यांनीच करावं, खिडक्या उघड्या ठेवून. आत दिवा एलईडीचाच. पेट ७०-८० अंशांलाच मऊ पडतं, साध्या बल्बने कंदील आकसतो.

आणि टाकाऊ प्लास्टिकच वापरायचं, तर दुधाच्या पिशव्या कशा विसरलात? धुऊन, पट्ट्या कापून वेणी घाला, गोल शिवा, मस्त पायपुसणं होतं. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) माटोळीत, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतो त्या चौकटीत मात्र असलं काही घुसवू नका, तिथे कवंडळ आणि आंबाडे ही फळंच हवीत.