त्या पाईपला सुतळी कोण बांधतंय रे?

पलटी नांगर पलटायला लिव्हर ओढला आणि फट्! दाबाचं तेल नेणारा हायड्रोलिक पाईप गेला. जुना नाही हो, ह्याच उन्हाळ्यात बदललेला. खोडवा मोडायचं काम अगदी शेवटाला आलेलं, बांधाकडची थोडी तासं उरलेली, वर डोकं भाजणारं ऊन, आणि खाली ढेकळांत गरम तेलाचं डबकं. आमच्या मिनी ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्सचं आणि हायड्रोलिकचं तेल एकच. म्हणजे नुसता नांगर नाही थांबला, ट्रॅक्टर घरापर्यंत चालवायचा की ओढून न्यायचा हाच प्रश्न.

खाली उतरून बघतो तर काय, पाईप टॉप लिंकला, म्हणजे ट्रॅक्टर-नांगर जोडणाऱ्या वरच्या दांड्याला, सुतळीने बांधलेला. सुतळीने! पोत्याचं तोंड बांधतात त्या. ती घासून तुटली, पाईप खाली लोंबला आणि पलटताना फ्रेमखाली सापडून चेंगरला. दीडशे बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) पुढं दाब खेळतो त्या पाईपात, आणि त्याला आधार कशाचा, तर किराणा दुकानातल्या रिळाचा.

ज्याने बसवला त्या मिस्त्रीला बोलावलं. मनात आलेलं सगळं गिळून शांतपणे विचारलं, हे काय? तर म्हणतो, "भाऊ, नांगराचा पाईप फुटायचाच." असा फुटायचाच म्हणाला की जसा काय तो शेंगांचा हंगाम आहे! वर पुन्हा, "प्लास्टिकचा टाय लावला असता, पण उन्हानं तुटतोय, म्हणून सुतळी." अरे बाबा, मग काळा, उन्हात टिकणारा टाय मिळतो की. रबर लावलेला पत्र्याचा क्लॅम्प मिळतो. पाईपवर चढवायची स्पायरल मिळते, नायलॉनची बाही मिळते. सगळं मिळून एका पाईपच्या किमतीएवढंही होत नाही. पण नाही.

दुसरा पाईप तात्पुरता जोडला, इंजिन चालू केलं, आणि हा गडी गळती शोधायला पाईपवरून उघडा अंगठा फिरवायला लागला. मी ओरडलोच. सुईएवढ्या भोकातून दाबाने आलेलं तेल कातडीत घुसतं, वर दिसतो फक्त ठिपका, आणि मग थेट ऑपरेशन. पुठ्ठा धरायचा असतो, पुठ्ठा! तो हसला. "वीस वर्षं असंच बघतोय." बघ बाबा.

आणि लांबीचं तर बोलूच नका. दुकानात पाईप मागितला की पन्नास एचपीच्या मोठ्या ट्रॅक्टरचा काढून देतात, "जास्तच आहे, कमी नाही" म्हणत. मिनीच्या पाठीमागं जागा किती? तो जास्तीचा वेटोळा टायरला घासतो. आणि कापून आखूड केला तर नांगर उचलणारी लिफ्ट वर गेली की क्रिम्पिंगपाशी, टोकाचा नट दाबून बसवलेला असतो तिथं, ताणतो. दाब आला की पाईप लांबीला थोडा आकसतो, जागेवर उडी मारतो, हे कुणाच्या गावीच नसतं. एकाच ठिकाणी घासून घासून रबर जातं, आतली जाळीची तार उघडी पडते, गंजते, आणि बरोब्बर घाईच्या दिवशी फुटते. त्यात अर्धा इंची सिंगल तारेचा पाईप गळ्यात मारतात, १६० बारचा, म्हणजे काठावरचा. डबल तारेचा २७५ पर्यंत जातो. पाईपवर छापलेलं असतं. वाचतंय कोण.

कंपनीवाल्यांचंही तेच. जाहिरातीत शिट्टीसारखा मिनी द्राक्षबागेतून पळतो, पण मागच्या वॉल्व्हपासून नांगरापर्यंत पाईप कुठून न्यायचा, त्याला एक साधी कडी नाही. शोरूममध्ये विचारलं तर सेल्समनने सीटकव्हर फुकट देऊ केलं.

बायको म्हणते, तुम्हाला आता पाईपचं वेड लागलंय. खोटं नाही. परवा एका लग्नात नवरदेव ट्रॅक्टरवरून आला. सगळे त्याच्या फेट्याकडं बघत होते, मी मागं जाऊन पाईप जोडायचे कपलर बघत होतो. दोन्ही उघडे, धूळ बसलेली. अक्षता हातातच राहिल्या. करवल्यांना वाटलं म्हातारा हरवला.

मग कपलरचा विषय निघालाच आहे तर. ट्रॅक्टर बंद करून लिव्हर दोन-चारदा पुढं-मागं केला की दाब उतरतो, कपलर हाताने निघतो. एवढं सोपं. पण आमच्यात दगड घेतात. उन्हात नांगर पडून राहिला, तेल फुगलं, कपलर बसेना, की घाल दगड. मग आतली रबराची ओ-रिंग गेली, गळायला लागलं, की त्यावर चिंधी. चिंधीवर माती. मातीवर परत तेल. आणि ही माती तेलातून आत गेली की पंप बिघडला म्हणून बोंबलायला मोकळे.

चुलत्याच्या पोरा, तू हे वाचतोयस मला माहीत आहे. नांगर सोडताना आधी पाईप काढायचे असतात, मग ट्रॅक्टर पुढं घ्यायचा. उलटं नाही. आणि कपलरच्या दोन्ही डस्ट कॅप, धुळीची टोपणं, आणून दे. लाल होत्या.