जॉनीला कापणारे तुम्ही कोण?

सकाळी चहा घेत होतो, तेवढ्यात पुतण्याने फॅमिली ग्रुपवर रील टाकलं. चाळीस सेकंदांचं. अमेरिकन गायिका बेट मिडलर गातेय, खाली ठळक अक्षरांत 'शेवटपर्यंत बघा', सोबत दोन रडके इमोजी. 'काका, तुमच्या जमान्यातलं!' बघितलं. शेवटपर्यंत बघितलं. आणि डोकं जे सटकलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

अहो, त्यात जॉनी कार्सनच नाही! मोबाइलच्या उभ्या चौकटीत बसवायला दोन्ही बाजू छाटल्या, त्यात तो गेला. लग्नाच्या फोटोतून नवरदेव कापावा तसा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. 21 मे 1992, गुरुवार. अमेरिकेतला 'द टुनाइट शो', रात्री उशिरा लागणारा गप्पांचा कार्यक्रम. कार्सन तो 1962 पासून चालवत होता, आणि पाहुण्यांसोबतची ही त्याची शेवटची रात्र. शुक्रवारी निरोपाचा भाग झाला, पण त्यात पाहुणेच नव्हते. म्हणजे मैफल खरी गुरुवारचीच. पाहुणे दोन, विनोदी नट रॉबिन विल्यम्स आणि बेट मिडलर.

मी तेव्हा ओहायोत शिकत होतो. एका म्हातारीच्या तळघरात भाड्याने राहायचो. वर तिचा टीव्ही, त्यावर दोन दांड्यांचा अँटेना, आणि नेमक्या त्याच चॅनेलला मुंग्या. डावा दांडा कुणी हातात धरला की चित्र स्वच्छ. त्या रात्री अकराच्या बातम्या संपता संपता तिने मला हाक मारली ती दांडा धरायला. तासभर टीव्हीच्या कडेला उभा होतो. पडदा तिरका, अर्धामुर्धा दिसायचा. समोर दिसायची ती म्हातारी.

रॉबिन विल्यम्सचं मला एक अक्षर कळलं नाही, इतका तो भरधाव सुटला होता. पण म्हातारी हसून हसून कवळी सांभाळत होती, आणि तिच्याकडे बघून मीही हसत होतो. आता मला सांगा, समोरचा माणूस असा सुटलेला असताना यजमानाने काय करायचं? कार्सन करायचा तेच. मोकळं सोडायचं आणि स्वतः हसायचं. त्याच्याकडे पहिला पाहुणा सोफ्यावर सरकून बसायचा आणि पुढच्याचं ऐकायचा. आताचे यजमान बघा! हातात कार्डं, पुढचा प्रश्न तयार, पाहुण्याचं वाक्य तोंडातच. मध्येच कसला तरी खेळ, मग सिनेमाची जाहिरात, की निघाले. याला गप्पा म्हणायचं?

आत्ता हे टाइप करतोय तर पुतण्याचा मेसेज आला: 'काका चिल, पूर्ण व्हिडिओ कोण बघतं?' बरं! त्या शोच्या पहिल्या दहा वर्षांच्या बहुतेक टेपा चॅनेलनेच पुसल्या होत्या. तेव्हा टेप महाग होती, पुन्हा वापरायची असायची. तुम्ही तर फुकटात पुसताय.

मान्य, कार्सन काही संत नव्हता. त्याच्याच शोमधून पुढे आलेल्या जोन रिव्हर्स या विनोदी कलाकार बाईने 1986 मध्ये स्वतःचा शो घेतला, तर तो पुन्हा तिच्याशी कधी बोलला नाही. आणि हेही मान्य की रीलमुळे पोराला बेट मिडलरचं नाव तरी कळलं. बास, एवढंच मान्य.

त्या रात्री मध्ये जाहिराती लागल्या तेव्हा म्हातारी म्हणाली, गेल्या वर्षी या कार्सनचा मुलगा गेला, मोटार अपघातात. एवढंच बोलली आणि पुन्हा पडद्याकडे बघायला लागली.

मग मिडलर आली. फारसं नाव नव्हतं तेव्हापासून ती त्याच्याकडे येत होती. बोलता बोलता त्याच्या आवडीचं गाणं निघालं, तिने सूर लावला आणि तोही गायला लागला. बेताचाच आवाज. आणि शेवटी तिने 'वन फॉर माय बेबी' घेतलं. रात्री उशिरा बारमध्ये बसलेला एकटा माणूस बारवाल्याला मन मोकळं करून सांगतो, असं ते गाणं. भैरवीच म्हणा. तिने ते कुणाला म्हटलं? प्रेक्षकांना नाही. टेबलामागे बसलेल्या कार्सनला. तेव्हा कॅमेऱ्याने सेटच्या पलीकडून दोघांना एका चौकटीत धरलं, आधी कधी न दाखवलेल्या कोनातून. ती गातेय, तो ऐकतोय, डोळे भरलेले. त्या रात्रीसाठी तिला एमी, म्हणजे तिकडचा टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाला. आपल्याकडे समोरच्याने मान हलवली की गवई खुलतो, हे मी तुम्हाला काय सांगायचं! आणि पोरांनी नेमका ऐकणाराच छाटला.

ही चौकट मी स्वतः कितीतरी वर्षांनी कॉम्प्युटरवर पाहिली. त्या रात्री मला दिसली ती म्हातारी. मांडीवरचं विणकाम थांबलेलं, सुया तशाच हातात, एक टोक वर. ओठ हलत होते, गाणं तिला पाठ होतं. माझा हात अवघडून दगड झाला होता, पण दांडा सोडायची हिंमत होईना.

गाणं संपलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सोड आता."

मी सोडला. पडद्यावर मुंग्या आल्या. ती तशीच बघत बसली.