दार आत उघडतं

नव्या घराचा ताबा घेताना बाकीच्यांनी काय काय पाहिलं ते मला सांगता येणार नाही. नळ, फरशी, भिंतीतली ओल वगैरे असावं. मी टेप घेऊन सरळ मागच्या खोलीत गेलो. ३ मीटर ३० बाय २ मीटर ८०. हे लिहून घेताना हात जरा थरथरला, कारण गेली अकरा वर्षं माझी छोटी रेल्वे एका खोक्यात पडून होती आणि ‘मोठं घर झालं की बघू’ एवढ्या एका आश्वासनावर दिवस काढत होती. आता मोठं घर झालं होतं. आता बघायचं होतं.

“ही खोली तुझी,” असं बायको म्हणाली होती. त्या वाक्याला दोन पोटकलमं होती, ती मला सामान लागल्यावर कळली. एक, पाहुणे आले की खोली पाहुण्यांची. दोन, जादा गाद्या, इस्त्रीचं टेबल आणि बाबांची व्यायामाची सायकल (हिला चाक एकच, आणि ते जमिनीला टेकत नाही) हे सगळं दुसरीकडे कुठे ठेवणार?

तरी पहिल्या रात्री मी हिशेब मांडला. माझी गाडी एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. स्टँडर्ड गेज म्हणजे प्रमाण रुंदीच्या खऱ्या रुळांतलं १४३५ मिलिमीटर अंतर ८७ नी भागलं की १६.५ येतात, तेवढंच माझ्या दोन रुळांत. चारही भिंतींच्या कडेकडेने रूळ टाकले तर १२ मीटर २० सेंटिमीटर. गुणिले ८७. एक किलोमीटरच्या वर! मी बायकोला उठवून सांगितलं, “आपल्या घरात एक किलोमीटरची रेल्वे होतेय.”

“आणि गाडी केवढी?” तिने डोळे मिटूनच विचारलं.

खरा प्रवासी डबा साधारण २६ मीटरचा, म्हणजे माझा ३० सेंटिमीटरचा. बारा डब्यांची गाडी ३ मीटर ६०. खोलीच गाडीपेक्षा ३० सेंटिमीटर आखूड होती. इंजिन यात धरलेलं नाही.

वेगाचा हिशेब केला नसता तर बरं झालं असतं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे या मापात सेकंदाला १९ सेंटिमीटर. तेव्हा माझी गाडी डोंगर, नदी, बोगदे, जंक्शन असा समग्र मुलूख पालथा घालून १ मिनिट ४ सेकंदांत जिथून निघाली तिथे परत. डबा उघडून जेवायलासुद्धा प्रवाशांना वेळ नाही. म्हणून या छंदातले मुरलेले लोक घड्याळच पळवतात. खऱ्या एका तासात त्यांचे चार नाहीतर सहा तास होतात. हे बायकोला सांगितलं तर म्हणाली, “तुझं घड्याळ उलटं लागलंय. तुझ्या पाच मिनिटांत आमचा तास जातो.”

दुसऱ्या दिवसापासून आलेखाचा कागद आणि पेन्सिल. पेन्सिलीइतकी लबाड वस्तू मी दुसरी पाहिली नाही. तिला सांगा, इथून वळ, की वळते. सांध्यावर सांधे (एका रुळाचे दोन फाटे फुटतात त्या जागा) काढत जा, बिचारी ब्र काढत नाही. पंधरवड्यात माझ्याकडे दोन टर्मिनस, एक यार्ड, एक घाट आणि इंजिनं फिरवायची चकती एवढं सगळं जमलं. मग मी सांध्यांचे मूळ मापातले नकाशे छापून घेतले (रूळ बनवणारे कारखाने ते देतात) आणि जमिनीवर मांडले. यार्डातला सहावा सांधा खिडकीतून बाहेर गेला.

वळणांचं त्याहून वाईट. ६०० मीटर त्रिज्येचं वळण खऱ्या रेल्वेत काही फार ऐसपैस नव्हे. पण तेच माझ्या मापात आणलं तर त्रिज्या ६ मीटर ९०. म्हणजे गाडीने वळायला माझ्या खोलीत सुरुवात करायची आणि शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात सरळ व्हायचं. म्हणून आम्ही छंदिष्ट मंडळी ५५-५६ सेंटिमीटरच्या त्रिज्येवर भागवतो. लांब डबे अशा वळणावर बाहेर कोपरं काढून उभे राहतात, आणि ते दिसत नाही असं आपण ठरवायचं असतं. पण यातही गाडी पूर्ण फिरवायची तर फळी सव्वा मीटर रुंद हवी, आणि माणसाचा हात पाऊण मीटरच्या पलीकडे कामाचा नाही. डबा घसरतो तो नेमका पलीकडच्या अर्ध्या मीटरमध्ये. बोगदा असेल तर बोगद्यात.

‘एन’ माप का घेतलं नाही, असं विचारणारे भेटतात. १:१६०, रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर, निम्म्या लांबीत सगळा संसार. खरं आहे. पण त्या डब्याची चाकं रुळावर बसवायला जे डोळे लागतात ते माझ्याकडे अकरा वर्षांपूर्वी होते.

हे सगळं एक वेळ निभावलं असतं. दाराने घात केला. दार आत उघडतं. खोलीचा एक आख्खा कोपरा, ८० सेंटिमीटर बाय ८० सेंटिमीटर, ते रोज चार-सहा वेळा झाडून काढतं. शिवाय भिंतीभिंतीने जाणारी रेल्वे दारापुढूनही जाणार, म्हणजे तिथे उचलता येणारा पूल हवा. उंची १ मीटर २० ठरवली आणि अंदाज यावा म्हणून त्या उंचीवर दारात सुतळी बांधली. दिसावी म्हणून तिला वर्तमानपत्राच्या पताका लावल्या. बाबा सायकल चालवायला आले, पताकांपाशी थांबले.

“हे काय?”

“पूल आहे, बाबा. जरा वाकून या.”

“मी? या घरात? वाकून?”

तीन प्रश्नांत पुलाचा निकाल लागला.

मग सुतार बोलावून दार बाहेर उघडतं करून घेतलं. सुताराने दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. तो गेल्यावर कळलं की समोरच न्हाणीघर आहे आणि त्याचंही दार बाहेरच उघडतं. एक उघडलं की दुसरं अडकतं. मी अर्धा तास आत, आणि कन्या अर्धा तास बाहेर येऊ का नको या विचारात. यावरचा तोडगा मात्र रेल्वेचाच निघाला. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून जुन्या पद्धतीत ड्रायव्हरला टोकन देत; टोकन हातात असल्याशिवाय त्या टप्प्यात शिरायचं नाही. आमच्या घरात पिवळा टॉवेल हे टोकन झालं. टॉवेल ज्याच्या खांद्यावर त्याने दार उघडायचं. या पद्धतीने आजवर अपघात झालेला नाही, फक्त एकदा टॉवेल धुवायला गेला होता तेव्हा दोन्हीकडची वाहतूक खोळंबली.

कागदावर काही जमत नाही म्हटल्यावर मी जमिनीवर चिकटपट्ट्यांनीच पूर्ण आराखडा काढला. डावा रूळ लाल, उजवा निळा. कन्या आठ वर्षांची. तिला एक पाय लाल पट्टीवर, एक निळ्या पट्टीवर असं चालायला सांगितलं. तिने आपणहून डाव्या पायात लाल आणि उजव्या पायात निळा मोजा चढवला आणि शिट्टी मारून निघाली. स्टेशन सोडलं, घाट गेला, शेवटी मोठ्या फुग्यासारखं वळण घेऊन गाडी त्याच रुळावर परत यायची होती. ती वळण घेऊन आली आणि सांध्यावर एकदम थांबली.

“बाबा, माझे पाय चुकले.”

लाल मोजा निळ्या पट्टीवर होता. मी वाकून पाहिलं. लाल पट्टीही वळणावरून फिरून निळीलाच येऊन भिडत होती. दोन रुळांतून वीज जाते, एकातून येते, दुसऱ्यातून परत. आणि मी दोन्ही एकमेकांना जोडून ठेवले होते. गाडी तिथे पोचण्याआधीच शॉर्ट सर्किट. त्या वळणाचे रूळ दोन्ही टोकांना तोडून, मधे ध्रुव उलटे करणारं यंत्र बसवलं की हे सुटतं. पण माझे तीन आठवडे गेले होते आणि चूक मोज्यांनी काढली होती.

कन्येची मागणी तेवढ्यावर थांबली नाही. एका गाडीच्या वरून दुसरी गाडी गेली पाहिजे. वरची गाडी खालच्या गाडीला लागू नये म्हणून ८ सेंटिमीटर चढायचं. चढ शंभराला दोन, त्याहून जास्त असला की इंजिनाला लांब गाडी ओढवत नाही. म्हणजे चढायला ४ मीटर, उतरायला ४ मीटर. उरलेल्या चार मीटरमध्ये दार, वळणं आणि बाबांची सायकल.

हॅम्बुर्गला दोघा भावांनी २००१ साली असलीच एचओची प्रचंड दुनिया उघडली, ती लोक जगभरातून बघायला जातात. त्याबद्दल मला सारखं ऐकवलं जातं. त्यांना बंदरातलं जुनं गोदाम मिळालं होतं. गोदामात कोणी गाद्या ठेवायला येत नाही.

सहाव्या महिन्यात पाहुणे आले, चार दिवस राहिले आणि जाताना चिकटपट्ट्या बुटांच्या तळाला लागून सोबत गेल्या. घाट बहुधा त्यांच्या गाडीत असेल. त्यानंतर मी खिडकीखालची एक फळी मागून घेतली. दीड मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद. तिच्याखाली इस्त्रीचं टेबल उभं राहतं, या अटीवर मिळाली.

दीड मीटरमध्ये काय होतं? अॅलन राइट नावाच्या ब्रिटिश छंदिष्टाने एक शंटिंगचं, म्हणजे डबे मागेपुढे करून हव्या त्या जागी लावण्याचं, कोडं करून ठेवलंय. सांधे फक्त दोन. तीन सायडिंगं (बाजूचे, टोकाला बंद असलेले रूळ), एकात पाच वाघिणी म्हणजे मालडबे मावतात, दोनांत तीन-तीन, आणि पुढच्या टोकाला इंजिन अधिक तीन एवढीच जागा. वाघिणी एकूण आठ. त्यातल्या पाच चिठ्ठ्या काढून, निघाल्या त्याच क्रमाने गाडी लावायची. अशा गाड्या ६७२० होतात. रोज एक लावली तरी अठरा वर्षं पुरतात. तोवर कदाचित मोठं घर होईल.

खोकं उघडलं. अकरा वर्षांनी इंजिन आधी नुसतंच गुणगुणलं, मग चाकं पुसल्यावर बोटभर सरकलं, आणि मग चाललं. चिठ्ठ्या कन्या काढते. बाबा सायकलवर बसून बघतात. त्यांना पूर्वीपासून विजेच्या मीटरचे आकडे, पेपरवाल्याच्या दांड्या असं सगळं वहीत टिपायची सवय, त्यात आता माझी वाहतूक आली. पहिल्या अकरा दिवसांत अकरा गाड्या लागल्या. बाराव्या दिवशी शेवटची वाघीण जोडायला आणत होतो, तेवढ्यात बायकोने वारा यावा म्हणून खिडकी उघडली. पडदा फळीवर आला, पाचही वाघिणींवरून सावकाश फिरला आणि त्यातल्या तीन घेऊन परत गेला.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी पायडल मारणं थांबवलं, चष्मा लावला आणि वहीत लिहिलं: ‘गाडी क्र. १२ रद्द. कारण: पडदा.’